गुरुदक्षिणेत दुसऱ्याचा नंबर

‘ताई, मी ३४ वर्षांचा. पाच वर्षं धावतोय. ज्यांनी मला धावायला शिकवलं त्यांना मी दादा म्हणतो. ते आता ४७ वर्षांचे आहेत. बॉस्टन मॅरेथॉनसाठी पात्र व्हायचं हे त्यांचं फार जुनं स्वप्न. मागच्या खेपेला सहा मिनिटांनी हुकलं. या वेळी शर्यतीच्या दहा दिवस आधी त्यांची पोटरी धरली. म्हणाले, “माझा नंबराचा बिब लावून तू धाव, तुला तर हा नुसता लाँग रन.” मी धावलो. ३ तास ६ मिनिटं. वेळ त्यांच्या नावावर लागली, वर ४५ ते ४९ वयोगटात तिसरा क्रमांकही आला. मी पोडियमवर गेलो नाही, पदक नंतर त्यांना घरपोच आलं. आता बॉस्टनचा प्रवेश पक्का झाल्याचा मेल आलाय. ग्रुपवर अभिनंदनं चालू आहेत, आणि येत्या रविवारी दादा नव्या मुलांना “मी पात्र कसा झालो” यावर बोलणार आहेत. मला झोप लागत नाही. एकदा विषय काढला तर म्हणाले, “सगळेच करतात. वरचे तर इंजेक्शनं घेतात. आपण कुणाचं काय घेतलं?” खरंच कुणाचं काही घेतलं का? आणि मी तोंड उघडलं तर बंदी माझ्यावरही येईल का?’

तुमच्या पत्रात मी अडखळले ती ‘घरपोच आलं’ या दोन शब्दांपाशी. ते पदक दुसऱ्या एका घरी जायचं होतं.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. घेतलं. आज एक काम करा. त्या शर्यतीचं निकालाचं पान उघडा, ४५ ते ४९ वयोगट निवडा आणि चौथ्या क्रमांकावरच्या माणसाचं नाव मोठ्याने वाचा. त्याची वेळ वाचा, स्प्लिट, म्हणजे पाच-पाच किलोमीटरला लागलेल्या वेळा, वाचा. तिसाव्या किलोमीटरनंतर तो किती मंदावला आणि शेवटच्या दोनमध्ये त्याने पुन्हा कसा जोर लावला, ते सगळं तिथे दिसेल. तुम्ही धावणारे आहात, तुम्हाला आकड्यांमागचा दम ऐकू येतो. त्या माणसाने ४२.१९५ किलोमीटर धावून पोडियम कमावलं, आणि ते त्याला आजतागायत माहीत नाही.

ज्याचं घेतलं तो दुसरा माणूस तुम्हाला कधीच सापडणार नाही. ४५ ते ४९ वयाच्या पुरुषांसाठी २०२६ च्या बॉस्टनचा निकष ३ तास १५ मिनिटं होता. पण निकष गाठला म्हणजे जागा मिळाली असं तिथे नसतं, अर्ज जागांपेक्षा जास्त येतात. या वेळी आपापल्या निकषापेक्षा ४ मिनिटं ३४ सेकंद लवकर धावलेल्यांनाच घेतलं, आणि निकष पूर्ण करूनही ८,८८७ जण बाहेर राहिले. ती रेघ कोण कुठे आहे ते बघून सेकंदासेकंदाने ओढली जाते. दादांच्या नावावरचे ३ तास ६ मिनिटं त्या रेघेच्या सुखरूप अलीकडे बसले, म्हणून रेघेवरचा कुणीतरी पलीकडे ढकलला गेला. तो निकष गाठून घरी बसलाय आणि आपल्याच पायांना दोष देतोय.

तुम्ही म्हणाल, एका माणसाच्या जागेचं एवढं काय? १९८० च्या बॉस्टनमध्येही एकाच माणसाची जागा गेली होती. रोझी रुईझ नावाची बाई २ तास ३१ मिनिटं ५६ सेकंदांत अंतिम रेषेवर आली, तिला विजेती म्हणून मुकुट घातला गेला. खरं तर ती शेवटच्या मैलाच्या आत कुठेतरी गर्दीतून रस्त्यावर शिरली होती. ज्या न्यूयॉर्क मॅरेथॉनच्या वेळेवर ती बॉस्टनला पात्र ठरली होती, तिथेही ती वाटेत भुयारी रेल्वेत बसली होती असं मागाहून उघड झालं. म्हणजे बघा, तो डावही पात्रतेच्या शर्यतीतूनच सुरू झाला होता. रुईझचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे. मला मात्र त्या दिवसाची गोष्ट कॅनडाच्या जॅकलिन गॅरोची वाटते. ती खरी जिंकली होती, २ तास ३४ मिनिटं २८ सेकंदांत. रेषेवर पोहोचली तेव्हा तिचा मुकुट दुसरीच्या डोक्यावर होता. आठवड्याभराने निकाल बदलला, पदक मिळालं, नाव नोंदलं गेलं. २००५ मध्ये तिला सन्मानाने बोलावून ती रेषा पुन्हा ओलांडू दिली. पंचवीस वर्षांनी! छानच केलं. पण फीत तोडायचा क्षण असतो तो एकदाच, थकलेल्या पायांनी, त्याच दिवशी. तो नंतर कुणाला कुरियरने पाठवता येत नाही. रुईझ २०१९ मध्ये वारली, तोवर तिने जाहीर कबुली दिली नव्हती.

तुमच्या प्रकरणाला अगदी जवळचं उदाहरण हवं असेल तर केपटाऊनचं घ्या. २०२५ च्या टू ओशन्स अर्धमॅरेथॉनमध्ये दोन पुरुष दोन स्त्रियांच्या नावाचे बिब लावून धावले. निकालात त्या स्त्रियांची नावं महिलांच्या यादीत सातव्या आणि दहाव्या क्रमांकावर झळकली. दहांत येणं ज्यांनी कमावलं होतं अशा दोघी यादीत खाली गेल्या. कुणाचं काय घेतलं, असं त्या पुरुषांनाही शर्यतीच्या सकाळी वाटलं असणार.

आता दादांचं ‘सगळेच करतात’. ते सरसकट खोटं आहे असं मी म्हणणार नाही. २०२३ च्या मेक्सिको सिटी मॅरेथॉनमध्ये सुमारे तीस हजार धावणाऱ्यांपैकी जवळपास अकरा हजार जण अपात्र ठरले, कारण वाटेतल्या वेळ नोंदवणाऱ्या मॅटांवर त्यांची नोंदच नव्हती. शेन्झेनच्या २०१८ च्या अर्धमॅरेथॉनमध्ये २५८ जण सापडले. त्यातले बहुतेक झाडीतून आडवाटेने गेलेले, अठरा जणांचे बिब बनावट, आणि तिघं तुमच्यासारखे, दुसऱ्याच्या नावावर धावणारे. वरच्यांचं तर बोलायलाच नको. केनियाच्या रूथ चेपनगेटिचने २०२४ मध्ये शिकागोला २ तास ९ मिनिटं ५६ सेकंद धावून जग हलवलं, आणि पुढच्याच वर्षी उत्तेजक चाचणीपायी तिच्यावर तीन वर्षांची बंदी आली. आणि रशियाच्या लिलिया शोबुखोव्हाच्या प्रकरणाने तर धावण्यावरचा विश्वासच उडावा. तिचं उत्तेजकांचं प्रकरण दाबण्यासाठी साडेचार लाख युरो मोजले गेल्याचं चौकशीत बाहेर आलं. जागतिक अॅथलेटिक्स संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष लामिन डियाक यांना २०२० मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने भ्रष्टाचाराबद्दल दोषी ठरवलं. कुंपणानेच शेत खाल्लं म्हणतात ते हेच.

पण याच शोबुखोव्हाच्या गोष्टीत पुढे जरा डोकावा. २०१० च्या लंडन मॅरेथॉनमध्ये ती पहिली आली, तिचीच देशभगिनी दुसरी. पुढे काही वर्षांनी दोघींचेही निकाल रद्द झाले आणि तिसरी आलेली इथिओपियाची आसेलेफेच मेर्गिया विजेती ठरली. सगळेच करतात, असं त्या सकाळी तिला कुणी सांगितलं असतं तर तिने काय करायला हवं होतं? ‘सगळेच’ या शब्दात नेहमी तिसरी किंवा चौथी आलेली बाई गडप होते. दादांना हे विचारून बघा.

(एक कबुली मीही देते. एका शर्यतीत मी यू-टर्नच्या शंकूपाशी स्वयंसेवक होते. ओळखीचा एक जण शंकूच्या वीस-पंचवीस पावलं आधीच वळला आणि माझ्याकडे बघून हसला. मीही हसले. पुढे तो तीन सेकंदांनी पहिल्या दहांत आला. मी कुणाला काही बोलले नाही. ओळखीच्या माणसाला अडवणं किती जड जातं, हे मला पुस्तकातून शिकावं लागलेलं नाही. तेव्हा मी तुम्हाला उंचावरून बोलत नाहीये.)

पकडले जाल का, हे तुम्ही विचारलं नाहीत. ते मला आवडलं. तरी सांगून ठेवते, कारण दादांना कदाचित तेच ऐकायचं असेल. दक्षिण आफ्रिकेच्या कॉम्रेड्स या नव्वदेक किलोमीटरच्या शर्यतीत १९९९ मध्ये मोत्सोएनेंग नावाचे दोन भाऊ आळीपाळीने धावले. वाटेतल्या स्वच्छतागृहात बूट आणि वेळ नोंदवणारी चिप बदलायचे, एक आत जायचा आणि दुसरा बाहेर यायचा. दिसायला सारखे. नववा क्रमांक आला. मग कुणीतरी वाटेतले फोटो शेजारी शेजारी ठेवले, तर एकात घड्याळ डाव्या मनगटावर आणि दुसऱ्यात उजव्या. झालं. मेक्सिकोचे बडे राजकारणी रॉबेर्तो मद्राझो २००७ मध्ये बर्लिनला आपल्या वयोगटात पहिले आले. चिपने सांगितलं की विसाव्यापासून पस्तिसाव्यापर्यंतचे पंधरा किलोमीटर त्यांनी २१ मिनिटांत कापलेत. इतकं जलद जगात कुणीही धावलेलं नाही. तुमच्या प्रकरणात तर एवढीही हुशारी लागणार नाही. बिबचा क्रमांक टाकला की शर्यतीचे फोटो निघतात, आणि त्यात ४७ वर्षांच्या माणसाच्या नंबरावर तुमचा चेहरा आहे.

आणखी एक गोष्ट, जी बिबची अदलाबदल करताना कुणाच्या मनात येत नाही. बिब म्हणजे नुसता नंबर नव्हे, तुम्ही कोसळलात तर तुम्ही कोण हे सांगणारा तो एकमेव कागद. २०१६ मध्ये चीनमधल्या शामेनच्या अर्धमॅरेथॉनमध्ये एक धावणारा दगावला, त्याच्या छातीवर दुसऱ्याचं नाव होतं. तुम्ही अडतिसाव्या किलोमीटरला पडला असतात, तर फोन दादांच्या घरी गेला असता.

बंदी येईल का? येऊ शकते. प्रत्येक शर्यतीचे, प्रत्येक संघटनेचे नियम वेगळे, पण दुसऱ्याच्या बिबवर धावणाऱ्यालाही आणि तो देणाऱ्यालाही बाहेर ठेवण्याचा अधिकार आयोजकांकडे असतोच. आली तर घ्या. वर्षभर शर्यत नाही म्हणजे वर्षभर धावायचं नाही असं नव्हे, रस्ता कुणी काढून घेत नाही. ब्रिटनची एक नावाजलेली अल्ट्रा (मॅरेथॉनहून लांब अंतराची) धावपटू २०२३ मध्ये मँचेस्टर ते लिव्हरपूलच्या पन्नास मैलांच्या शर्यतीत अडीच मैल मित्राच्या गाडीत बसली. पाय दुखत होता. गाडीत बसणं एकवेळ कुणी समजूनही घेतलं असतं. पण शेवटी तिसऱ्या क्रमांकाची ट्रॉफी घेतली, फोटो काढला आणि लगेच परत केली नाही. तिच्यावर १२ महिन्यांची बंदी आली. तुमच्या कपाटातही, म्हणजे दादांच्या, तिसऱ्या क्रमांकाचंच पदक आहे. दर आठवड्याला ते जड होत जाणार.

फ्रेड लोर्झची गोष्टही दादांना सांगा, त्यांना धावण्याच्या गोष्टी आवडत असतील. १९०४ चं सेंट लुईस ऑलिंपिक. लोर्झ वाटेतच थकला, गाडीतून अकरा मैल आला, गाडी बंद पडली म्हणून उतरून धावत स्टेडियममध्ये शिरला आणि लोकांनी त्याला विजेता ठरवलं. पकडल्यावर म्हणाला, गंमत केली. आजन्म बंदी घातली, मग उठवली. आणि पुढच्याच वर्षी, १९०५ मध्ये, तो बॉस्टन मॅरेथॉन जिंकला. स्वतःच्या पायांनी. (त्या ऑलिंपिकचा खरा विजेता थॉमस हिक्स याला वाटेत स्ट्रिकनीन आणि ब्रँडी पाजली होती. तेव्हा ते नियमात बसत होतं. जुने दिवस स्वच्छ होते असं म्हणणाऱ्यांनी जरा जपून.)

आता दादांशी बोलायचं कसं. अवघड भाग हाच आहे, आणि तुमच्या पत्रात तो एका ओळीत उरकलाय. तुम्ही ‘नाही’ म्हणू शकला नाहीत, कारण त्यांनी तुम्हाला धावायला शिकवलं. उपकार होते, फेडायची संधी आली. पण हिशोब नीट मांडा. एकलव्याने गुरुदक्षिणा म्हणून आपला अंगठा दिला. तुम्ही दिलात तो चौथ्या क्रमांकाच्या माणसाचा.

रविवारच्या आधी त्यांना भेटा. फोनवर नको, ग्रुपसोबत नको, आणि धावताना तर मुळीच नको. धावताना माणूस ‘हं’ म्हणतो आणि वेग वाढवतो. समोर बसा. पहिल्याच वाक्यात सांगा, ‘दादा, मी शर्यतीच्या आयोजकांना लिहिणार आहे. खाली तुमचंही नाव असावं असं मला वाटतं.’ लिहू का, असं विचारू नका. विचारलंत की ते नाही म्हणतील, आणि मग त्यांच्या नाहीविरुद्ध जाणं तुम्हाला दुप्पट जड जाईल. ते चिडतील. ‘मी तुला घडवलं’ म्हणतील. कदाचित गप्प बसतील, ते जास्त वाईट. त्यांच्या पोटरीबद्दल, हुकलेल्या सहा मिनिटांबद्दल बोलू द्या. ते दुःख खरं आहे. इतकी वर्षं पहाटे उठून शेवटी दहा दिवस आधी स्नायू दगा देतो, याला काही न्याय नाही. पण तेच दुःख त्यांनी न बघितलेल्या दोन माणसांच्या पदरात टाकलंय, एवढं शांतपणे सांगा.

ते तयार झाले तर रविवारचं भाषण रद्द करायला लावा. कारण काय सांगायचं ते त्यांचं त्यांना ठरवू दे. फक्त नव्या मुलांसमोर उभं राहून तो खोटा प्रवास सांगायचा नाही. बाकी काही आधी-नंतर झालं तरी चालेल, पण ते भाषण होता कामा नये.

पत्र लांबवू नका. आम्हाला किती वाईट वाटतंय हा विषय नाही. साधारण असं: ‘अमुक शर्यतीत अमुक क्रमांकाचा बिब ज्यांच्या नावावर होता ते धावले नाहीत, त्यांच्या जागी मी धावलो. कृपया हा निकाल रद्द करावा आणि ४५ ते ४९ वयोगटातील क्रमांक दुरुस्त करावेत. पदक परत पाठवत आहोत. ही वेळ बॉस्टन मॅरेथॉनच्या अर्जासाठी वापरली असून तो प्रवेश मागे घेत आहोत.’ खाली दोघांची नावं. बॉस्टनच्या आयोजकांना दादांनी स्वतः वेगळं लिहायचं. निकाल रद्द झाल्यावर त्यांना कुठून तरी कळण्याआधी.

दादा नाहीच म्हणाले तर? एकट्याने लिहा, फक्त तुमचा भाग. ‘या बिबवर मी धावलो.’ तेवढं पुरे आहे, आणि ते सांगायचा पूर्ण हक्क तुमचा आहे. लिहिल्यावर त्याच दिवशी त्यांना सांगा, त्यांना दुसऱ्याकडून कळू देऊ नका.

एक गोष्ट मात्र करू नका. ग्रुपवर टाकू नका, फोटोंची जोडी लावून पोस्ट लिहू नका, कुणा ‘शोध घेणाऱ्या’ला माहिती पुरवू नका. लॉस एंजेलिसच्या २०१९ च्या मॅरेथॉनमध्ये ७० वर्षांच्या एका माणसाची वेळ विश्वास बसू नये अशी होती. इंटरनेटवर त्याचे फोटो, स्प्लिट सगळं चाळलं गेलं, हजारो लोक तुटून पडले. आयोजकांनी निकाल रद्द केला. त्यानंतर काही दिवसांतच त्याने आयुष्य संपवलं. निकाल रद्द होणं योग्यच असेल, पण त्याला गर्दीची गरज नव्हती. आयोजकांकडे अर्ज जातो, ते मॅट बघतात, निकाल दुरुस्त होतो. एवढ्याला हजार अनोळखी माणसं कशाला? आणि पत्र गेल्यानंतरच्या आठवड्यांत दादांकडे जात राहा. ते दार उघडणार नाहीत, तरी जा. फारच खचलेले वाटले तर घरातल्या माणसाला सांगा, एकट्याच्या खांद्यावर घेऊ नका.

चौथ्या क्रमांकाच्या माणसाला तुम्ही स्वतः लिहायचं का, याचा मी बराच विचार केला. माझं मत, नको. त्याला आयोजकांकडून कळू दे. तुमची माफी वाचून ‘ठीक आहे हो’ म्हणायचं कामही त्याच्यावर कशाला?

आणि हो, तुमच्या घड्याळात त्या दिवसाची धाव असेल. बहुतेक तुम्ही ती लपवली असेल किंवा पुसायच्या बेतात असाल. पुसू नका. पत्रासोबत तीच जोडा. हृदयाचे ठोके, वेग, सगळ्या वळणांसकट ४२ किलोमीटर. ३ तास ६ मिनिटं तुम्ही खरोखर धावला आहात, फक्त ते तुमच्या नावावर नव्हते.